मेहरूणच्या बागेतलं लोखंडी चक्र

नाना,

तुम्ही नटांवर वेल्डिंग का मारून ठेवलंत? सकाळपासून हा एकच प्रश्न डोक्यात घोंगावतोय आणि उत्तर द्यायला तुम्ही नाही. मेहरूण तलावापलीकडच्या शेठच्या बागेत, तुम्ही बनवलेल्या लोखंडी चक्राच्या फळीवर बसून हे लिहिते आहे. उद्या सकाळी ते कापायला माणसं येणार. आज अख्खं उचललं तर माझं, नाहीतर भंगारात, असं शेठने बजावलंय.

तुम्ही इथे पहिल्यांदा आलात तेव्हा बाग म्हणजे चार-दोन बोरी आणि कुसळं. शेठला पोरांसाठी खेळायची जागा हवी होती. तुम्ही धुळ्याहून वेल्डिंगचं मशीन टेम्पोत टाकून आलात. आधी झोके झाले, मग घसरगुंडी, तीही नेमकी पश्चिमेला तोंड करून! मे महिन्यात तिच्यावर पापड भाजला असता. शेठ तापला. पण तुम्ही हट्टी. यावलकडून केळीचे खांब मागवलेत, त्यांची ओली सोपटं सोलून पोरांच्या बुडाखाली दिलीत. पोरं अशी सुसाट सुटायची की शेठलाही हसू आवरेना. पुढे थंडीतसुद्धा पोरं सोपट मागायची. शेवटी हे चक्र झालं, बारा पोरं बसतील एवढं.

सुट्टीत मी तुमच्यासोबत यायची. ठिणग्या उडताहेत, मी टक लावून बघते आहे आणि तुम्ही ढालीमागून ओरडता, "तिकडे देखू नको, डोया जातीन!" मी रडवेली होऊन पाठ फिरवते. मग भाकरी खाऊन झाल्यावर तुम्ही मला चक्रावर बसवता आणि दोन्ही हातांनी ढकलता. घरी तुम्ही कधी हसल्याचं मला माहीत नाही. इथे मात्र खो खो हसायचात.

एका सकाळी झोक्यांचे नट कोणीतरी काढून नेले, साखळ्याही गेल्या. तुम्ही मशीन पुन्हा बाहेर काढलंत. बागेतला एकेक नट वेल्डिंगने जागच्या जागी बुजवलात, चक्राचा कणा काँक्रीटमध्ये गाडलात आणि हात झटकत म्हणालात, "आते चोर ऊना तरी काय लई जाई? बठ्ठं पक्कं शे."

चोराचं सोडा, तुमच्या पोरीलाही ते नेता येत नाही. मी चौथीत असताना तुम्ही गेलात. त्यानंतर इथे सिमेंटचे हत्ती आले, छोटी आगगाडी आली, दाराशी तिकीट लागलं. घसरगुंडी गंजून गेली. आता पाण्याच्या घसरगुंड्या येणार म्हणून हा कोपरा साफ करताहेत. हे कळल्यावर मी धुळ्यातल्या देवपूरहून धावत आले. मी शिकवते त्या शाळेच्या अंगणात बसवते म्हणून शेठच्या अक्षरशः पाया पडले.

तुमच्या जोडीला काम करायचे ते चाचा छिन्नी-हातोडा घेऊन आले होते. म्हातारे झालेत, पण दुपारभर उन्हात ठोकत राहिले. शेवटी खाली बसले. "बेटी, तुझ्या बापानं खोलायला नट ठेवलाच कुठं? कापावंच लागेल. आणि कापलं तर पुन्हा फिरायचं नाही."

मी वेड्यासारखी त्यांच्यावरच ओरडले. मग चक्राशेजारी बसून रडले. सांगा ना, नाना! एखादा तरी नट तुम्ही विसरला असाल. एखादी जागा असेल, जिथून हे सुटं होतं. तुमच्याशिवाय कोणाला विचारू? एवढं पक्कं करताना पुढे कोणाला तरी ते सोडवावं लागेल, हे मनात आलंच नाही का तुमच्या?

हत्यारं पिशवीत भरून चाचा निघाले आणि थबकले. "बसतेस का? ढकलतो एकदा."

मी पदर खोचून बसले. चक्र करकरलं, पण फिरलं. तुम्ही उभे राहायचात ती जागा दर फेरीला समोर यायची आणि मी डोळे फाडून बघत होते. घरात तुमचा एकच फोटो आहे, लग्नातला. मुंडावळ्यांखालचा तो पोरगा माझ्या ओळखीचा नाही. वाटलं होतं, हे चक्र जवळ राहिलं तर कधीतरी नक्की दिसाल. नाना, तुमचा चेहरा मला आठवत नाही. आईला वाटतं मला आठवतो.