बॉक्सला माझा हातगुण

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चार ब्लँकेटं धुतली. ओलं ब्लँकेट उचलायचं म्हणजे बुडालेला माणूस उचलायचा. गच्चीवरची चांगली दोरी वन्संनी सहालाच अडवलेली. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. राहतात वरच्या मजल्यावर आणि वागतात त्याच्याही वर. पंधरा फूट दोरीवर त्यांचे रुमाल किती, तर दोन. मी काही बोलले नाही. एक चिमटा तेवढा त्यांच्या बोटाला बसला, तो चुकून. मग नवी दोरी आणली आणि पाण्याच्या टाकीपासून टीव्हीच्या छत्रीच्या दांड्यापर्यंत ताणून बांधली. गाठ अशी की बैल सुटणार नाही.

संध्याकाळी टीव्ही लावला तर निळा पडदा. सिग्नल नाही म्हणे. कालपर्यंत ठणठणीत होता. सेटटॉप बॉक्सचीच खोड. हे होते तेव्हा जुना टीव्ही रुसला की डाव्या अंगाला एक थाप द्यायचे, लगेच बोलायला लागायचा. मी आज डावीकडे दोन दिल्या, उजवीकडे एक आणि टाळक्यात एक. चालू नाही झाला, पण घाबरलाय. लाल दिवा लुकलुकतोय.

बुधवारच्या आत नीट करायचाच. बुधवारी मुंगीची पहिली फाइट. लेकीची लेक, एकोणीस वर्षांची, एवढीशी होती म्हणून नाव मुंगी, आणि आता बॉक्सिंगमध्ये लोकांची नाकं फोडते. यंदा तिची सगळी स्पर्धा टीव्हीवर दाखवणार आहेत. गेल्या वर्षी मी एका लग्नात अडकले, बघितलं नाही, पोरगी हरली. मी बघितलं की जिंकते, एवढी साधी गोष्ट आहे. कोच वगैरे असतात, त्यांनाही पोट आहे. पण पहिला गुद्दा मी शिकवला, उशीवर, ती तीन वर्षांची असताना. उशी फाटली होती.

निश्चय : हात न उगारता, शांतपणे बॉक्स दुरुस्त करणे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

ब्लँकेटं अजून ओलीच. टीव्ही अजून निळाच.

कस्टमर केअरला फोन लावला. मुलीचा आवाज मधात बुडवून काढलेला. म्हणाली, बॉक्स बंद करा, दहा मोजा, चालू करा. मी दहा मोजले. प्रत्येक आकड्याला लाटण्याचा एक. कसला आवाज येतोय विचारलं, तर शेजारी सुतारकाम चाललंय म्हणून सांगितलं. सिग्नल किती दाखवतोय, शून्य. मग म्हणाली, छत्रीला कोणी हात लावला होता का. म्हटलं, छत्रीला कोण कशाला हात लावेल, मी फक्त चार ब्लँकेटं वाळत घातलीत. त्यावर तिनं माझा पत्ता लिहून घेतला. मग म्हणाली, गुरुवारी माणूस पाठवते. पोरींना हल्ली काही येत नाही.

रिमोट भिंतीवर फेकला. एक सेल कपाटाखाली, एक पाण्याच्या तांब्यात.

रात्री मुंगीचा फोन. आजी, बघणारेस का, असं विचारलं. मी हो म्हटलं तर पुन्हा विचारलं, नक्की बघणारेस का. पोरीचा जीव माझ्यात अडकलाय. म्हटलं, भिंत फोडून बघेन. मग तिनं फोन ठेवला. गळा भरून आला असणार.

६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी ब्लँकेटं काढली, आणि दहा मिनिटांत टीव्ही आपोआप चालू. कालचा मार आज पोचला. काही माणसांचंही तसंच असतं.

खुशीत पडदे धुतले आणि वाळत टाकले. चारला फाइट. पहिल्या राउंडला चित्र झकास. मुंगी मारत होती, मी पण मारत होते. माझा एक डावा शोकेसला बसला, दोन कप गेले. तेवढ्यात वारा सुटला. दुसऱ्या राउंडला चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि थांबलं, ते कुठे, तर त्या दुसऱ्या पोरीचा गुद्दा बरोबर मुंगीच्या नाकावर. तसाच. मिनिटभर, दोन मिनिटं, गुद्दा हलेना, नाक हलेना. माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पोरीचं तोंड चौकोनी झालेलं. मी टेबलाला लाथ घातली. टेबल लाकडी, अंगठा माझा. मग निळा पडदा.

खिडकीत उभी राहून ओरडले. डावा घाल, बरगडीत घाल, आडवी कर. खालून सायकलवाला चालला होता, तो उतरून चालत गेला.

सहाला लेकीचा फोन आला. मुंगी जिंकली. आवाज पोचला म्हणायचा.

अंगठ्याचं नख गेलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

डिशवाला आला. पन्नाशीचा, इतका बारीक की गच्चीवर ह्याला दोन चिमटे लावून ठेवावं लागेल. मी काडी नाव ठेवलं. तोंडावरच हाक मारली, तरी हसला. गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, बाई, तुमच्या ओल्या कपड्यांनी छत्री ओढली जाते, ती भलतीकडेच बघत बसते. दोरी सोडली, छत्री सरळ केली, बॉक्सला काही झालेलं नाही.

मला हसू आलं. म्हटलं, माझ्या दोन पडद्यांनी तुमची छत्री वाकते, तर छत्रीला आधी खायला घाला. चित्र आलं होतं हे खरं. पण ते मी काल घातलेल्या लाथेमुळे.

तो जिन्यात पोचेपर्यंत मी वर जाऊन दोरी परत बांधली आणि चादरी टाकल्या. माझी दोरी, माझी गाठ. खाली आले तर निळा पडदा. खिडकीतून ओरडून सांगितलं, काडी, तुझं काम पाच मिनिटं टिकलं. तो खालून म्हणाला, दोरी सोडा. मी चप्पल फेकली. कानशिलात बसली. ह्या वयात सुद्धा नेम आहे. तर तो चप्पल उचलून घेऊन गेला. एकच.

आता स्वतःच बघायचं ठरवलं. झाकण उघडायला स्क्रूड्रायव्हर सापडेना, हातोडी सापडली. उघडला. तीन ठिकाणी उघडला. आत फार काही नसतं, उगाच भाव खातात.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पाचला सेमीफायनल, आणि बॉक्सचा लाल दिवाही गेला. विचार केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. छत्री फिरवणारं माणूस आहे. गच्चीची किल्ली दोघींकडेच, माझ्याकडे आणि वन्संकडे.

साडेचारला झाडू घेऊन टाकीमागे दबा धरला. वन्सं आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या दोरीची गाठ सोडायला लागल्या. रंगेहाथ. म्हणे डिशवाल्यानं जाताना सांगितलं. मी झाडू पाठीत घातला. त्यांनी बादली माझ्या गुडघ्यावर हाणली. मी अंबाडा धरला, अर्धा हातात आला, तो विकतचा. त्या माझ्या मनगटाला चावल्या. बहात्तर वर्षांच्या आहेत, दात सगळे स्वतःचे, आणि ते सिद्ध करायची एवढी घाई. मग तोल गेला आणि दोघी मिळून छत्रीवर पडलो. आता ती छत्री राहिली नाही, चेपलेली परात झाली.

तिथेच बसून धापा टाकत होतो तर लेकीचा फोन. मुंगी जिंकली. फायनलला गेली.

वन्संनी केसांतल्या पिना काढत काढत विचारलं, "वहिनी, पोरगी तुम्ही न बघता दोनदा जिंकली. काही कळतंय का?"

म्हटलं, पहिली अर्धी बघितली होती. आणि आज तिकडे ती मारत होती त्याच वेळी इकडे मी मारत होते. रक्त एकच आहे. वन्सं म्हणाल्या, मारत तर मी होते. काय माणूस आहे.

पण फायनल वेगळी. फायनलला मी समोर हवीच.

९ नोव्हेंबर, शनिवार

मनगट सुजलंय. दातांचे ठसे मोजले, नऊ.

काडीला फोन केला. माफी वगैरे काही मागितली नाही, फक्त चुकलं असं म्हटलं. त्यानं अट घातली. तो घरात असेपर्यंत मी स्वयंपाकघरात, बाहेरून कडी, आणि दाराशी वन्सं. मान्य केलं. पोरीसाठी काय काय करावं लागतं.

नवी छत्री, नवा बॉक्स. जुना बॉक्स बघून त्यानं म्हणे तिन्ही भोकांत बोट घालून पाहिलं. मग वन्संना विचारलं म्हणे, कुठून पडला. त्या म्हणाल्या, हातून. आतून मी सूचना देत होते, पण कोणी घेतल्या नाहीत. जाताना काडीनं चप्पल दाराशी ठेवली, पुसून.

सिग्नल शंभरात शहाण्णव. दोरी दुसरीकडे बांधायची हे मी आधीच ठरवलं होतं. वन्संनी आपली अर्धी दोरी दिली, रुमाल एका कोपऱ्यात सरकवले. उद्या बघायला या म्हटलं त्यांना. साक्षीदार लागतो.

मुंगीला फोन केला, टीव्ही सुरू झाला म्हणून सांगायला. तिनं उचलला नाही. सराव चालला असेल.

१० नोव्हेंबर, रविवार. रात्री नऊ

सहाला फायनल सुरू. चित्र असं, की मुंगीच्या कपाळावरचा घामाचा थेंब दिसत होता. समोरची पोरगी उंच, हात लांब, लागलं की लागतंच. मी ओरडायला तोंड उघडलं आणि पहिल्याच मिनिटाला मुंगीच्या ओठातून रक्त आलं. लाल इतकं लाल दाखवतात नव्या बॉक्समध्ये. उघडलेलं तोंड मी परत मिटलं. दुसऱ्या राउंडला ती पडली. उठली. परत पडली. रेफरीनं बोटांनी मोजलं, मी मनातल्या मनात मोजलं. ती गुडघ्यावर आली तेव्हा त्यानं दोन्ही हात हलवले आणि थांबवलं.

माझ्या हाताशी रिमोट होता, लाटणंही होतं. काहीच उचललं नाही. वन्संनी माझं तेच मनगट घट्ट धरून ठेवलेलं. दुखत होतं. सोडवलं नाही.

आठला तिचा फोन. शब्द नीट येत नव्हते, ओठाला टाके पडलेत. विचारलं, "आजी, बघितलंस का?"

एवढा आठवडा तिच्या ह्याच प्रश्नात जे ऐकलं नव्हतं ते मला तेव्हा ऐकू आलं.

म्हटलं, "नाही गं. दिवसभर निळा पडदा. काहीच दिसलं नाही."

"खरं?"

वन्संनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. म्हटलं आता मेले. ही बाई आयुष्यात माझ्या बाजूनं एक शब्द बोललेली नाही.

"खरं गं मुंगे," त्या म्हणाल्या. "तुझ्या आजीनं हातोडीनं बॉक्स फोडलाय. आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत बसलो होतो."

 पलीकडून हसू. टाके दुखतात, आई गं, असं म्हणत म्हणत हसत होती. मी फोन परत घेतला तर म्हणाली, बरं झालं. मग म्हणाली, पुढच्या महिन्यात परत स्पर्धा आहे, तोवर दुरुस्त होईल का. घाबरत विचारलं.

म्हटलं, नाही होणार. पार गेलाय, डिशवाल्यानं हात टेकले.

वन्सं अजून गेलेल्या नाहीत. समोर आवाज बंद करून टीव्ही चालू आहे. कुठल्या तरी साबणाची जाहिरात लागलीय, एकेक बुडबुडा मोजता येतोय.