चऱ्होलीच्या विटा आणि आपला बांध

ती. हिंदुरावदादांस,

धाकट्या ज्योतीरामचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा आणि खिलारी गाय, दोघींची तब्येत कळवावी (आधी वहिनींची). शेताच्या वाटणीवरून आपलं बोलणं तुटलं, म्हणून हे पत्र. फोन तुम्ही मध्येच ठेवता, पत्राला तशी सोय नाही.

दादा, चऱ्होलीत घर घेतलं! तेही चाकणच्या कंपनीतल्या पगारात. गोष्ट अशी की घर माझं, पण खालची जमीन कुणा एकट्याची नाही, सगळ्या घरांच्या संस्थेची. सोडून जायचं झालं तर घर संस्थेलाच द्यायचं, ठरलेल्या थोड्याशा वाढीने, म्हणजे पुढच्या कामगारालाही ते परवडतं. समोरच्या टॉवरचे भाव रोज चढतात आणि आमची आळी मजेत बघत बसते. तुमची स्नेहल कमावती होईल तेव्हा तिलाही इथलं घर झेपेल. ज्याला हे सुचलं त्याचे पाय धरावेत असं वाटतं.

आता माझा पराक्रम ऐका. माझ्या आणि इकबालभाईंच्या (गॅरेजवाले, फार भला माणूस) अंगणांमध्ये विटांची ओळ होती. पहिल्याच रविवारी मी कुदळ घेतली आणि एका टोकाच्या विटा हळूच हातभर त्यांच्या पुदिन्यात सरकवल्या. (आपल्या घराण्याचा हात, बांध दिसला की चालतोच.) संध्याकाळी बघतो तर इकबालभाई दुसऱ्या टोकाच्या विटा स्वतःच्याच अंगणात सरकवतायत! म्हणाले, "भावा, लाइन तिरकी दिसत होती, सरळ करून टाकली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षा सुमनताई आल्या. "ज्योतीराम, हिकडची जमीन बी तुमचीच, तिकडची बी तुमचीच. मंग चोरताय कुणाची?" सगळी आळी हसली, मीही हसलो. त्या विटांचा आम्ही दोघांनी कट्टा बांधला. चहा आता तिथेच होतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
ज्योतीराम

ता. क. : पत्र खरं यासाठी. सोमवारी मोजणीवाले शेतावर येतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा. शेत एकत्रच राहू दे. तुमच्याशी न बोलता मला करमत नाही.

ता. क. दुसरा : वाटणीसाठी घातलेल्या मधल्या बांधाचे दगड काढून ठेवा. दिवाळीला आलो की चिंचेखाली कट्टा बांधू.

ता. क. तिसरा : कट्टा माझ्या बाजूला असावा. हातभर तरी.