ब्यूटेनची खोली

३ जून
आले एकदाची केंटकीच्या या टेकड्यांत! तंबाखू वाळवायच्या जुन्या कोठारात मिस डेल्फियाने हेंपचा, म्हणजे नशा न देणाऱ्या भांगेचा, कारखाना थाटलाय. माझं काम एकच. पाल्यातून सीबीडी या औषधी द्रव्याचा अर्क कशाने काढायचा ते ठरवायचं: अल्कोहोलने, ब्यूटेनने, की दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने. बाईने पिंटो बीन्स आणि मक्याचा पाव वाढला. म्हणाली, खा पोरी, केमिस्ट म्हणवतेस आणि वाऱ्याने उडशील! हसून हसून ठसका लागला.

५ जून
माझं ठरलं, अल्कोहोल. कडक गार करून वापरलं की हिरवा रंग आणि मेण फारसं उतरत नाही. पेट तेही घेतं, पण सांडलं तर दिसतं तरी. ब्यूटेनचं काम झटपट, अर्कही देखणा. पण गळला तर जमिनीलगत साचतो आणि ठिणगीची वाट बघतो. मागच्या खोलीच्या भिंती त्यानेच काळ्या झाल्यात. मिस डेल्फियाचा भाऊ लायल तिथे जळून गेला. तेव्हापासून टाक्या रिकाम्या. मी अल्कोहोल म्हटल्यावर बाईने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, आधी ती खोली तर बघ.

७ जून
भर दुपारी पाहिली. बाहेर घामाच्या धारा आणि आत अर्क काढायच्या स्टीलच्या नळकांड्यावर दाट हिम. ब्यूटेन उडताना असं हिम धरतं, खरं आहे. पण टाकीत थेंब नाही. झडप मी स्वतः उघडून बघितली. हिमात माणसाच्या हाताचा पंजा उमटलेला. ताजा.
बाईला सांगितलं. तिचे डोळे भरून आले. आनंदाने.

८ जून
बाई म्हणते, तू आलीस आणि लायल उठला. मशीन चालू झालं की बोलेलसुद्धा. मी म्हटलं, मिस डेल्फिया, त्याच वायूने तो गेला. ती म्हणाली, म्हणून तर त्याला तोच ओळखीचा.

१० जून
ब्यूटेनचा ट्रक आला, टाक्या भरून गेला. बाईने परस्पर मागवला. कडाक्याचं भांडण झालं. भाऊ तुझा जळला असता म्हणजे कळलं असतं, म्हणाली.
हिम आता माझ्या टेबलावर. गारठ्याने पेनातून शाई उतरत नाही.

११ जून
सकाळीच निघाले. गाडीची किल्ली कुठेच नाही. सापडली त्या खोलीत, हिमाखाली. उचलायला वाकले—मागे दार लागलं.

दार उघडत नाही. बाई पलीकडून समजावतेय, घाबरू नकोस पोरी, त्याला नुसतं बोलायचंय.

वायूची गळती सांगणारा मीटर वाजतोय. झडप फिरतेय. कुणी धरलेली नाही, तरी फिरतेय. पायाशी गारवा—

ठिणगी नको. बस, ठिणगी नको. ओरडले, बाई, दिव्याच्या बटणाला हात लावू नका! ती म्हणाली, बटण तर आतल्या बाजूला आहे गं—

माझ्या मागे. भिंतीवर. कुणीतरी बटणावर बोटं—