आठ फूट उष्णता पूर्ववत वाया घालवू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
ऊर्जा व पाणी बचत विभाग,
टॉवेल कारखाना, मुख्य इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : स्टीम फिटर, बॉयलर विभाग, दिवसपाळी.

विषय : मी स्वतः सुचवलेली बचत आठ फूट लांबीपुरती रद्द करून तेवढी उष्णता पूर्वीप्रमाणे वाया घालवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : (१) सूचनापेटीत मी टाकलेली सूचना. (२) त्याबद्दल आपल्या हस्ते मिळालेला 'उत्कृष्ट बचत पुरस्कार'. (३) फोरमनसाहेबांचा तोंडी आदेश : "माझं डोकं खाऊ नकोस, काय ते लेखी दे."

महोदय,

ज्या फिटरचा हात हातात घेऊन आपण फोटो काढून घेतलात, तोच मी हा अर्ज करीत आहे. चेहरा आठवत नसल्यास मुख्य दाराजवळच्या फलकावर पाहावे. डावीकडून दुसरा, डोळे मिटलेला मी आहे. उघड्या डोळ्यांचा फोटो निघाला होता, परंतु त्यात आपले डोळे मिटलेले होते, असे समजते.

१. आपल्या कारखान्यात टॉवेल रंगतात, धुतले जातात व वाळतात, आणि ही तिन्ही कामे वाफेवर चालतात, हे आपणांस ठाऊक आहेच. बॉयलरपासून रंगखात्यापर्यंत जाणारा वाफेचा मोठा पाइप मागच्या भिंतीतल्या खाचेतून जातो. तो वर्षानुवर्षे उघडाच होता. वापरून झालेल्या वाफेचे जे गरम पाणी होई, ते भिंतीच्या भोकातून मागच्या गल्लीतल्या गटारात जात असे. आपल्या विभागाने प्रत्येक कामगाराने बचतीची एक तरी सूचना द्यावी असा आदेश काढला, तेव्हा बहुतेकांनी कॅन्टीनच्या चहात साखर वाढवावी असे लिहिले. मी मात्र लिहिले की पाइपला उष्णता अडवणारे ग्लासवूल गुंडाळून वरून पत्रा चढवावा, आणि गरम पाणी गटारात न सोडता परत बॉयलरच्या टाकीत घ्यावे. सूचना चांगली होती. आजही माझे मत तेच आहे. इंधन कमी लागू लागले, विहिरीवरचा पंप निम्मा वेळ बंद राहू लागला, आणि मला प्रमाणपत्र व आपल्याच कारखान्याचा एक टॉवेल मिळाला.

२. सूचना लिहिताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, ती अशी की भिंतीला दुसरी बाजू असते. हे न सुचण्यास मला कोणतीही सबब नाही, कारण त्या दुसऱ्या बाजूला माझेच घर आहे. कारखान्याची मागची भिंत तीच माझ्या घराची मागची भिंत. पाळी सुटल्यावर मी मोठ्या फाटकातून बाहेर पडतो, अख्ख्या कारखान्याला वळसा घालतो आणि त्याच पाइपच्या पलीकडे जाऊन जेवायला बसतो. तरी मला सुचले नाही. सूचनेच्या छापील नमुन्यातही पलीकडच्यांसाठी रकाना ठेवलेला नव्हता.

३. गल्लीच्या तक्रारी या अर्जाचा विषय नाहीत, तरी माहितीसाठी कळवतो. जे पाणी आपण 'वाया' म्हणत होतो, त्यावर गल्लीतल्या सगळ्या घरांचे थंडीतले धुणे होत असे. शेजारचा पाववाला पिठाची परात रात्रभर भिंतीला टेकवून ठेवी व पीठ छान फुगे. आता त्याचे पाव विटेसारखे निघतात, आणि तो ते मला आग्रहाने फुकट देतो. गल्लीत माझे नाव 'बचतराव' पडले आहे. माझ्या पत्नीने पुरस्काराच्या दिवशीच गार पाण्याची बादली माझ्यापुढे ठेवून सांगितले, "बक्षीस तुम्ही घेतलंत ना, मग आता धुणंही तुम्हीच धुवा." मी धुतो. त्याबद्दल काही म्हणणे नाही.

४. म्हणणे आहे ते माझ्या आईबद्दल. तिने आपल्याच धुलाईखात्यात उमेदीची सगळी वर्षे घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून काढली. त्या काळी पाणी वाचवण्याचा विभाग नव्हता, आणि रबरी बूटही नव्हते. आता तिचे गुडघे व कंबर धड नाहीत. थंडी सुरू झाली की ती सकाळचा चहा घेऊन मागच्या भिंतीला पाठ टेकून बसे, ती थेट दिवेलागणीपर्यंत. तिथे बसून भाजी निवडायची, फाटके कपडे शिवायचे, आणि गल्लीतल्या प्रत्येक भांडणात दोन्ही बाजूंना सल्ला द्यायचा. भिंतीला ती 'माझा डॉक्टर' म्हणे. खरा डॉक्टरही आमच्या घरी येऊन गेल्यावर म्हणाला होता, "ही भिंत सोडू नका, आजी. माझ्या गोळ्यांपेक्षा बरी आहे."

५. पाइप गुंडाळल्यावर मला पहिली धास्ती आईची वाटली. परंतु संध्याकाळी विचारले, तर ती म्हणाली, "काही फरक नाही रे. उलट आज जरा जास्तच गरम आहे." मला हायसे वाटले, आणि लगेच काळजीही लागली. भिंत गरम म्हणजे उष्णता बाहेर पडते आहे, म्हणजे गुंडाळणी कुठेतरी उसवली आहे, म्हणजे माझ्या हातच्या कामात खोट आहे. मी दुसऱ्या दिवशी पाइपचा पत्रा दोनदा तपासला. खोट सापडेना. शेवटी मीच आपल्या विभागाला कळवले की माझ्या घराकडील बाजूस उष्णतेची गळती असण्याचा संभव आहे.

६. त्यावरून आपल्या विभागाचे तरुण इंजिनियर यंत्र घेऊन आमच्या घरी आले. आईने त्यांना चहा दिला. त्यांनी यंत्र भिंतीला लावले आणि आनंदाने ओरडले, "शून्य गळती! अभिनंदन, आजी!" आईनेही त्यांचे अभिनंदन केले. त्यांनी गार भिंतीचा फोटो काढला, त्यात आई शाल सारखी करून हसत उभी आहे. तो आपल्या वार्षिक पुस्तिकेत 'शेजारीही समाधानी' या शीर्षकाखाली छापला आहे. मी त्या वेळी बॉयलरवर होतो. शून्य आकडा कळला तेव्हा माझ्या कामाची लाज राखली गेली म्हणून मी खूश झालो. भिंत शून्य, तर आई गरम कशी, हा हिशेब डोक्यात यायला मला आणखी दोन दिवस लागले.

७. तो हिशेब सुटला तो असा. पंपाच्या दुरुस्तीमुळे पाळी लवकर सुटली आणि मी दुपारीच घरी गेलो. आई नेहमीच्या जागी बसली होती. अंगात माझा स्वेटर, त्यावर सुनेचा स्वेटर, त्यावर शाल, पायांवर गोधडी, आणि ओठ निळसर. मला पाहताच तिने शाल झटकन बाजूला केली, पदराने वारा घेतला आणि म्हणाली, "उकडतंय रे फार. जरा दार उघड." बाहेर झोंबणारी थंडी होती. मी दार उघडले. मग ती उठून आत गेल्यावर तिच्या जागी भिंतीला हात लावून पाहिला. भिंत गारठलेली होती. मी विचारले, "आई, भिंत गार आहे ना?" तर ती म्हणाली, "तुझा हात गार आहे, म्हणून तुला तसं वाटतं."

८. ती असे का करते, हे मला लगेच उमजले. माझे वडील याच कारखान्यात होते, ती होती, मी आहे. आजवर कारखान्याने आमच्या घरात ताकीदपत्राशिवाय दुसरा कागद पाठवला नव्हता. पुरस्काराचे प्रमाणपत्र तिने फळीवर मधोमध लावले आहे. टॉवेलाचे प्लास्टिक अजून काढू दिलेले नाही. दूधवाला, गॅसवाला, चुकून दार ठोठावलेला माणूस, सगळ्यांना ती ते दाखवते. "माझ्या मुलाच्या डोक्यातून निघालं हे," असे सांगते. भिंत गार झाली असे कबूल केले, तर मुलाच्या डोक्यातून काय निघाले याची चर्चा होईल, असे तिला वाटत असावे.

९. मी पर्याय करून पाहिले नाहीत असे नाही. विजेचा हीटर आणला. आपल्या कारखान्यात वाचवलेली उष्णता मी अशा रीतीने बाजारातून परत विकत आणली, आणि ती भिंतीच्या उष्णतेपेक्षा कितीतरी महाग पडली. आईने हीटर पहिल्याच तासात बंद केला. म्हणाली, "बचतीचं बक्षीस मिळालेला माणूस ना तू? लोक काय म्हणतील?" कोळशाची शेगडी तिला खोकला आणते. तिला धाकट्या भावाकडे पाठवावे, तर त्याचे घर चौथ्या मजल्यावर आहे आणि तिचे गुडघे दुसऱ्या मजल्यापर्यंतच साथ देतात.

१०. त्यानंतर मी प्रशासन विभागाकडे आठ फूट पाइप उघडा करण्याची विनंती केली. त्यांनी कळवले की भिंतीतून पलीकडे गेलेली उष्णता ही कारखान्याचीच मालमत्ता होती व तिचा आजवरचा वापर अनधिकृत होता, तथापि सद्भावनेने वसुली करण्यात येणार नाही. याबद्दल आभारी आहे. पुढे असेही कळवले की वाफ केवळ उत्पादनाशी संबंधित यंत्रास देता येते, सबब यंत्राचा तपशील विहित नमुन्यात भरावा. मला दुसरा मार्ग दिसेना. 'यंत्राचा प्रकार' येथे मी 'आई' लिहिले. 'कोणत्या खात्यात वापरले' येथे 'धुलाई'. 'सध्याची अवस्था' येथे 'सांधे झिजलेले, आवाज चांगला'. 'पर्यायी यंत्र उपलब्ध आहे काय' येथे 'नाही'. तो नमुना कोणीही न वाचता वरपर्यंत गेला आणि पुढील शेऱ्यासह परत आला : 'यंत्र जुने. ऊर्जा देणे परवडणारे नाही. भंगारात काढावे.' खाली तीन सह्या आहेत. हा कागद मी घरी दाखवलेला नाही.

११. आठ फुटांतून जी उष्णता जाईल, तिची भरपाई मी अन्यत्र करून देण्यास तयार आहे. मोठ्या फाटकासमोरचे कारंजे दिवसभर उडते, आणि त्याच्या मधोमध 'पाण्याचा प्रत्येक थेंब अमूल्य' ही पाटी भिजत असते. ते पाहुणे आल्यावरच सुरू करावे. ती पाटी दिसावी म्हणून लावलेले चार मोठे दिवे दुपारीही जळतात, ते दुपारी विझवावे. आपल्या विभागातील थंड हवेचे यंत्र हिवाळ्यातही इतके जोरात असते की आपले कर्मचारी खांद्यावर आपलेच टॉवेल घेऊन बसतात. ते बंद केल्यास टॉवेलांचीही बचत होईल. यात टोमणा नाही. फिटरला जी गळती दिसते ती त्याने सांगावी, अशी आपलीच सूचना आहे.

१२. मी स्वतः फिटर आहे. तो पत्रा कोणाला न सांगता काढायचा, तर मला पाच मिनिटेही लागणार नाहीत, आणि पुढच्या तपासणीपर्यंत कोणाच्या लक्षातही येणार नाही. अनेकदा पाना हातात घेऊन तिथे उभा राहिलो. परंतु आईने धुलाईखात्यातून कधी साबणाचा तुकडा घरी आणला नाही. तिला चोरीच्या उष्णतेला टेकवून बसवणे मला जमले नाही, म्हणून हा अर्ज.

१३. तरी विनंती की, माझ्या घरामागील आठ फूट पाइपवरील ग्लासवूल व पत्रा काढण्यास परवानगी द्यावी. काम मी साप्ताहिक सुट्टीत, माझ्या वेळात करीन. नियमाने पुरस्कार परत घेणे भाग असल्यास कागदोपत्री घ्यावा, मात्र प्रमाणपत्र फळीवरून उतरवायला कोणी येऊ नये, व फलकावरचा फोटोही राहू द्यावा. त्यात डोळे मिटलेले आहेत ते तसेच बरे.

महोदय, माझी आई आजवर माझ्याशी कधी खोटे बोलली नाही. वडील गेले तेव्हाही तिने मला दारातच खरे सांगितले होते. या वयात ती आपल्या विभागाच्या बचतीसाठी रोज संध्याकाळी मला सांगते की भिंत गरम आहे, आणि मी रोज 'हो' म्हणतो. एवढी थंडी संपेपर्यंत तरी ती म्हणते ते खरे करून द्यावे.

आपला नम्र व पुरस्कारप्राप्त,
(सही)
स्टीम फिटर, बॉयलर विभाग

दिनांक : ९ डिसेंबर

सोबत : (१) शून्य गळतीचा अहवाल, फोटोसह. (२) यंत्राचा नमुना, मूळ शेऱ्यासह. वाचून झाल्यावर कृपया फाडून टाकावा.

ता. क. : निर्णय काहीही झाला तरी घरच्या पत्त्यावर पत्र पाठवू नये, टपाल आईच घेते. बॉयलरवर नुसता निरोप धाडावा.