मिरची गल्लीत टाकलेला शब्द

आई, येत्या रविवारी दादरच्या एका वाचनालयाने मला बोलायला बोलावलंय. विषय त्यांचाच, एका पुस्तकाने मला काय दिलं. पुस्तक कुठलं ते तुला सांगायला नको. श्रीमंत कसं व्हावं हे शिकवणारं, फुटपाथवरून घेतलेलं, मागचा पुठ्ठा नसलेलं. भाषण लिहून झालं, काल बायकोला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "यात आई कुठेत?" मी म्हटलं, विषय पुस्तकाचा आहे. ती म्हणाली, "विषय तुमचा आहे. म्हणून विचारलं."

त्या पुस्तकातला पहिलाच नियम असा होता की किती पैसा हवा तो आकडा लिहायचा, कधीपर्यंत हवा ते लिहायचं, त्याच्या बदल्यात आपण काय देणार तेही लिहायचं, आणि आरशासमोर उभं राहून रोज मोठ्याने वाचायचं. लिहिणाऱ्याच्या घराला जाड भिंती असणार. आपली लालबागची खोली दहा बाय बाराची, मध्ये पडदा आणि शेजारी लाकडाचं पार्टिशन. मी तेवीस वर्षांचा, सकाळी सहाला छाती काढून उभा आहे. "पाच वर्षांत माझ्याकडे पाच लाख रुपये असतील." पडद्याआडून भाकरी थापता थापता तू म्हणतेस, "पाच? मेल्या, धा म्हण. बोलूक काय पैसे पडतत?" पार्टिशनपलीकडून शेजारचे काका म्हणतात, "वहिनी, मिळाले की आमच्याकडे पण बघायला सांगा." मी न हसता पुढचं वाक्य वाचतो, "त्याबदल्यात मी उत्तम सेवा देईन." तू भाकरी उलटतेस आणि पडदा बाजूला करतेस. "सेवा देवळात करतत. तू काय करतलंस, ता सांग."

मला राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. तेव्हा दुकानांत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे नुकते येत होते आणि बिघडले तर उघडणारा माणूस सापडत नव्हता. मी एक भंगारातला काटा आणून, इंग्रजी पुस्तिका डिक्शनरी घेऊन वाचत, चौदा वेळा उघडून पुन्हा बसवला होता. कोणी शिकवलं नाही, हे मी आजही ताठ मानेने सांगतो. दुसऱ्या दिवशी आरशासमोर वाक्य बदललं. काटा सकाळी बिघडला तर संध्याकाळच्या आत दुरुस्त करून देईन.

तू दुपारी मिरची गल्लीत मिरच्यांची देठं खुडायला जायचीस. माझं ते वाक्य तू तिथे घेऊन गेलीस. आठव्या दिवशी एका मसालेवाल्याचं बोलावणं आलं. "तुझी आई म्हणते, संध्याकाळच्या आत करतोस. बघू." काटा उघडला तर आत सगळी मिरचीची पूड. अर्धा तास मी नुसता शिंकत होतो. पण चारच्या आत काटा ग्रॅमला ग्रॅम बरोबर दाखवू लागला. आणि घरी येऊन मी काय केलं, तर तुलाच ओरडलो. "माझ्यासाठी कोणाकडे शब्द टाकायचा नाही. मला माझ्या जोरावर मोठं व्हायचंय." पुस्तकात तसंच होतं. तू "बरं" म्हणालीस आणि ताटात बांगड्याचा मधला तुकडा वाढलास.

पुस्तक खोटं नव्हतं, हे रविवारी सांगणारच आहे. 'बघू, करू' ही भाषा माझ्या तोंडातून त्यानेच घालवली. मिळकतीचा दहावा भाग आधी बाजूला, मग खर्च, हे मी आजही पाळतो. पाच लाखांना पाच नाही, साडेसात वर्षं लागली, पण झाले. आता करी रोडला अकराव्या मजल्यावर घर आहे, भायखळ्याला गाळा आहे, सात माणसं कामाला आहेत. मी सुखात आहे आणि ते लपवत नाही. पण गरिबी माणसाच्या डोक्यात असते, असं जे त्यात ठासून लिहिलंय ना, तिथे मी अडतो. शेजारच्या काकांनी तेच पुस्तक माझ्याकडून नेलं होतं. ते पाचला उठून वाचायचे, आवाज माझ्यापेक्षा खणखणीत. माझगावचा त्यांचा कारखाना बंद पडला आणि शेवटपर्यंत त्यांनी वॉचमनकी केली. त्यांच्या डोक्यात काही कमी नव्हतं. त्यांच्यामागे चार खाणारी तोंडं होती, आणि मला तीन वर्षं तू बसवून खायला घातलंस. नेमका नवा धंदा उघडत होता तेव्हा मी त्याच्या दारात उभा होतो, त्यांचा मिटत होता. आणि त्यांचं वाक्य पार्टिशनबाहेर नेणारं कोणी नव्हतं. याच्यावर त्या पुस्तकात प्रकरण नाही. मी तीनदा शोधलंय.

तुझ्या तेराव्याला गल्लीतले दुकानदार आले होते. जेवून हात धुताना एक जण म्हणाला, "आमच्याकडे तुला तिनेच लावलं. वर सांगायची, त्याला कळू देऊ नका." दुसरा म्हणाला, आमच्याकडेपण. मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. सगळ्यांना वाटलं, याला आज कळतंय. बायकोलाही तसंच वाटलं, अजून वाटतं. रविवारी तुझ्याबद्दल सांगेन, पान लिहून जोडलंय. पण त्या पानात नाही ते इथे लिहितो, या कागदाला कुठे जायचं नाही म्हणून.

मी तुला ओरडलो त्यानंतर महिनाभरातली दुपार. हत्यारांची पिशवी घेऊन मी गल्लीत शिरतो आणि पोत्यांपलीकडे तुझा आवाज येतो. तू एका नव्या दुकानदाराला सांगते आहेस, "काटा बिघडला की माझ्या पोराला बोलवा, संध्याकाळच्या आत करून देतो. मी सांगितलं म्हणू नका, तो तापतो." तो विचारतो, "आणि संध्याकाळपर्यंत नाही झालं तर?" तू म्हणतेस, "तर आठवडाभर तुमच्या मिरच्या फुकट खुडीन." मी पोत्याआड उभा. तुला थांबवायला एक हाक पुरली असती. मी शिंक दाबली, आल्या पावली मागे फिरलो. चार दिवसांनी त्या दुकानातून बोलावणं आलं, तेव्हा पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं, गुण येतोय.