बायपासनं गेलेलं इंजिन

चिकलठाणा,
१५ डिसेंबर २०२५

ती. रत्नमालाताईस,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून लिहितो.

काल तू रागातच एसटीत बसलीस. पैठणहून बोलावून तुला दुपारभर रेल्वे फाटकापाशी बसवलं आणि माझं जुनं वाफेचं इंजिन काही आलं नाही. तू गेल्यावरही मी अंधार पडेपर्यंत तिथंच होतो. आज शेजारच्या संघपालनं मोबाइलवर फोटो दाखवला. इंजिन म्हणे ट्रेलरवर चढवून बायपासनं नेलं. पेपरात नुसतं ‘शहरातून जाणार’ एवढंच होतं.

पेपरवाल्यांवर तरी काय चिडू? ते मीटरगेजचं इंजिन. आपले रूळ कधीचेच रुंद झाले, त्यावर ते चालणार कसं? फायरमन म्हणून उमेदीची सगळी वर्षं त्यात कोळसा टाकला आणि एवढं डोक्यात येऊ नये. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

‘फुकट गाडीत बसून फिरतोस,’ असं तू अजून म्हणतेस. एकदा तरी तुला माझं काम दाखवायचं होतं. आता ते लांबच्या संग्रहालयात गेलं, म्हणजे राहिलंच.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
अप्पाराव


पैठण,
१९ डिसेंबर २०२५

चि. अप्पारावास,
जयभीम अन् लई आशीर्वाद.

मी बोलते तसं नात प्रेरणा लिहिते.

त्या दिवशी बायपासच्या चौकात आमची एसटी अडकली. शेजारी ट्रेलरवर काळं धूड, निम्म्यावर ताडपत्री. शेंद्र्याच्या कारखान्याचं कायतरी असंल म्हणून सगळी गाडी त्याला शिव्या देत व्हती. मीबी दिल्या. तुझं पत्र वाचलं तवा उजेड पडला.

माझी खिडकी अन् त्याचं दार समोरासमोरच आलं व्हतं. आत माझ्या न्हाणीएवढीबी जागा नाय. बसायला नीट फळी नाय. अन् पुढ्यात ती भट्टी. वैशाखात तू तिथंच उभा राहत व्हतास का रे?

फाटकापाशी बसवल्याचा राग कवाच गेला. आता दुसराच आलाय, त्यानं दोन दिवस जेवण गोड लागंना. मी जन्मभर फुकट फिरतोस म्हणत राहिले अन् तू नुसता हसत राहिलास. तुला तोंड नव्हतं?

रविवारी ये. भांडायचंय. भाकरी तुझ्या वाटची करून ठेवते.

तुझी,
ताई