तीनदा गाळलेलं सत्त्व

जे. पी. नगर, बेंगळुरू
१२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का यांस सुलभाचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. घरात बोललेलं ह्यांच्या कानावर जातं, आणि अक्काला काही कळवायचं नाही अशी तुमच्या भावाची सक्त ताकीद आहे. पण मला राहवत नाही.

ह्यांची उपाशीपोटीची साखर कशी शहाण्यासारखी असते, ते सगळ्या कॉलनीला ऐकवून झालंय. जेवणानंतरची मात्र कधी तपासलीच नाही, ती म्हणे डॉक्टरांची हौस. हल्ली पेपरातल्या ओळी पुसट दिसायला लागल्या म्हणून डॉ. पवित्रांकडे नेलं. त्यांनी दंडावर सेन्सर चिकटवला. आमच्या सूनबाईंच्या, ऋचाच्या फोनवर आता साखर सारखी दिसत राहते. सकाळी छान होती. मग हे तुम्ही पाठवलेल्या नाचणीच्या सत्त्वाची वाटीभर पेज प्यायले, आणि थोड्याच वेळात आकडा तीनशेच्या वर! मी हादरलेच. यंत्र बिघडलं असेल म्हणून बोटातून रक्त काढून पाहिलं, तर तेच.

डॉक्टर म्हणाल्या, नाचणी चांगली. पण सत्त्व करताना तुम्ही चोथा गाळून टाकता, आणि साखरेला आवर घालणारा तोच. उरलेलं पीठ लगेच रक्तात उतरतं. डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आलेत. इलाज होईल म्हणतात. आता आधी कोशिंबीर, मग उसळ, शेवटी एकच भाकरी, आणि जेवल्यावर पार्कात फेऱ्या. कुरकुर अर्थात चालूच आहे.

अक्का, तुम्ही मायेनंच केलंत. पण पुढचा डबा पाठवू नका. राग आला तरी माया आटू देऊ नका.

आपली
सुलभा


निपाणी
१९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुलभा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं गं. श्रीकांतच्या पोटाला जड नको म्हणून तलम फडक्यातून तीनदा गाळत होते मी. चोथा शेजारच्या गाईला घालायची. ती बघ कशी तुकतुकीत झालीय.

आता एक सांगते, त्याच्या कानावर घालू नकोस. साखर मलाही आहे. दोन्ही वेळा मीही तीच पेज पिते. भाताला शिवत नाही, म्हणून स्वतःला फार पथ्याची समजत होते. दिवाळीत पायाच्या बोटाला विळी लागली, ती जखम अजून भरलेली नाही. दुखत नाही म्हणून हळद दाबून गप्प बसले. तुझं पत्र वाचल्यावर चष्मा लावून पाय नीट पाहिला, तर बोट काळं पडलंय. हे त्यामुळेच का, एवढं डॉक्टरीणबाईंना हळूच विचार.

नातवंडांना गोड पापा. आपल्यातलं आपल्यातच ठेव.

तुझी
अक्का


बेंगळुरू
२४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास श्रीकांतचा शि. सा. न.

सुलभानं तुझा शब्द मोडला. तुझं पत्र मला वाचता येईना, म्हणून तिनंच वाचून दाखवलं. तुला लगेच फोन केला खरा, पण नुसता ओरडलोच. डॉ. पवित्रा म्हणाल्या, जखम दुखत नाही हेच वाईट, आजच इस्पितळात दाखल करा. तुझी शेजारीण श्रीविद्या तुला घेऊन निघालीय. मीही निघालोच आहे.

हे पत्र खिशातून आणून तुझ्या हातात देणार आहे, कारण समोर आलो की पुन्हा रागावेन. डोळ्यांमुळे अक्षर वेडंवाकडं आलंय, सांभाळून घे. अक्का, मला फार भीती वाटते आहे. बोट गेलं तरी चालेल. तू जाऊ नकोस.

तुझ्या मायेचा हक्कदार
श्रीकांत